इंजिन गेलं, आता मेव्हणाही घालवायचा का?

पत्र डिचोलीहून आलं आहे. लिहिणारे गृहस्थ 36 वर्षांचे, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी 2012 सालची, दोन दारांची, छत उघडणारी जर्मन स्पोर्ट्स कार जुनी म्हणून 13 लाखांना घेतली. (कंपनीचं नाव मी काढून टाकलं आहे. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाची झडप, कुठल्याही कंपनीचा पडू शकतो.) मे महिन्यात एका रविवारी त्यांच्या मेव्हण्याने ती चोर्ला घाटात फिरवून आणली. त्यानंतर नवव्या दिवशी, हे स्वतः चालवत असताना, धारगळजवळ हमरस्त्यावर "पत्र्याच्या डब्यात दगड घालून हलवावेत तसा" आवाज आला आणि गाडी बंद पडली. गॅरेजमध्ये प्लगच्या भोकातून कॅमेरा घातला, तर चौथ्या सिलिंडरचा पिस्टन ठेचलेला आणि एका व्हॉल्व्हचं डोकं गायब. मेकॅनिक म्हणाला, "पात्रांव, इंजिन सोंपलें." (मालक, इंजिन संपलं.)

कंपनीकडून नवं इंजिन 16 लाख. जुनं, दुसऱ्या गाडीतून काढलेलं, बसवून 5 लाख. आहे तेच बांधायचं तर साडेसहा लाख, "पण उघडल्यावर कळेल". गाडी आहे तशी विकली तर 3 लाख. याच मॉडेलच्या चालत्या गाडीला आज 11 लाखांच्या आसपास मिळतात, हेही त्यांनी चौकशी करून ठेवलं आहे. रागाच्या भरात त्यांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "ज्याने घाटात ताणली त्याने अर्धे भरावे." मेव्हण्याने ग्रुप सोडला. बायको दहा दिवस कामापुरतंच बोलते आहे. दर चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान हाच मेव्हणा सत्तरीतून घेऊन येतो.

त्यांचे प्रश्न तीन. इंजिन कुठलं बसवू? मेव्हण्याकडून अर्धा खर्च मागणं चूक आहे का? आणि एक मित्र म्हणतो, पावसात पाणी शिरल्याचं दाखवून विमा काढ. ते जमेल का?

नमस्कार डिचोलीकर,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली बरीचशी जागा मेव्हण्याने खाल्ली आहे. पण पहिल्या पानाच्या तळाशी तुम्ही जाता जाता एक ओळ लिहून गेलात: "सकाळी पहिल्यांदा सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड व्हायची, मग आपोआप थांबायची." ही ओळ मी तीनदा वाचली. फोंड्याला 27 वर्षं हेडकामाचं, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग दुरुस्त करायचं, दुकान चालवल्यावर माणसाला पत्रातसुद्धा खडखड ऐकू येते.

आधी मेव्हण्याचं बोलू, कारण इंजिन थांबेल, तो थांबायचा नाही.

तुमचं म्हणणं असं, की त्याने घाटात गाडी ताणली, इंजिन मर्यादेबाहेर फिरवलं आणि त्यातून व्हॉल्व्ह निकामी झाला. असं होतं, नाही असं नाही. पाचव्या गिअरमधून चौथ्यात जायचं सोडून चुकून दुसऱ्यात टाकलं, की चाकं इंजिनाला फरफटत फिरवतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला तो वेग झेपत नाही, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला धडकतो. पण यासाठी पायाखाली क्लच आणि हातात गिअरचा दांडा लागतो. तुम्हीच लिहिलं आहे की तुमची गाडी ऑटोमॅटिक आहे, स्टिअरिंगमागे पॅडल आहेत. अशा गाडीत खालचा गिअर मागितला आणि त्याने इंजिन लाल रेषेपलीकडे जाणार असेल, तर गिअरबॉक्सचा संगणक ती मागणी धुडकावतो. नुसता अॅक्सिलरेटर दाबून धरला तर मर्यादेला पोचताच इंधन तोडलं जातं. म्हणजे तुमच्या मेव्हण्याने चोर्ल्यात कितीही मस्ती केली असली, तरी ज्या गुन्ह्याची शिक्षा तुम्ही त्याला दिलीत तो करणं त्याला जवळजवळ अशक्य होतं.

त्याला पुरता निर्दोष ठरवायलाही मी बसलेलो नाही. इंजिनात ऑइल कमी असताना घाट चढवला, तर बेअरिंग आणि टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) या दोन्हींना ते महागात पडतं. मात्र ऑइलची पातळी बघणं हे किल्ली देणाऱ्याचं काम, घेणाऱ्याचं नव्हे. शेवटचं ऑइल कधी आणि कुठलं घातलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. बिलं शोधा. नाही सापडली तर तेही एक उत्तरच झालं.

आता ती खडखड. पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला तुमच्या इंजिनात टायमिंग बेल्टऐवजी चेन आहे, आणि चेनच्या गाड्यांबद्दल लोकांची समजूत अशी, की चेन जन्मभर टिकते. चेनला ताठ ठेवणारा टेन्शनर बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात ऑइल खाली उतरतं. टेन्शनर थकलेला असेल किंवा चेन लांबलेली असेल, तर सकाळी दाब तयार होईपर्यंत ती सैल राहून बाजूच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर आपटते. दोन-तीन सेकंद. मग दाब येतो, आवाज जातो, आणि मालक म्हणतो, आपोआप बरं झालं. हायड्रॉलिक टॅपेटमुळेही (व्हॉल्व्हला ढकलणारा, ऑइलवर चालणारा भाग) सकाळी असा आवाज येतो, तो बहुधा निरुपद्रवी असतो. तुमचा कुठला होता ते मला इथे बसून सांगता येणार नाही. पण दोन वर्षं रोज सकाळी ऐकू येणारा आवाज तुम्ही नजरेआड केलात आणि एका रविवारी न ऐकलेला आवाज मेव्हण्याच्या माथी मारलात, एवढं नोंदवून पुढे जातो.

व्हॉल्व्ह ही चीज तुम्ही हातात घेऊन पाहिली नसेल. अळंब्यासारखी दिसते: खाली चपटं डोकं, वर सहा मिलिमीटरच्या आसपास जाडीची दांडी. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो आणि मिटतो. पणजीहून मडगावला निवांत, पाऊण तासात गेलात, तरी एकेक व्हॉल्व्ह 50 हजारांहून जास्त वेळा आपल्या सीटवर बसून उठतो. त्यातही एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह 700-800 अंशांच्या आगीत उभा असतो. दांडी ज्या नळीतून सरकते ती गाईड झिजली, की डोकं सीटवर सरळ न टेकता तिरकं टेकतं. मग प्रत्येक मिटण्याला दांडी केसभर वाकते. तार पुढे-मागे वाकवून तोडतो ना आपण, तसं होतं ते. फक्त लाखो वेळा. एक दिवस डोकं सुटतं आणि सिलिंडरमध्ये पडतं, आणि पिस्टन त्याला खाली-वर कांडत राहतो. तुम्ही ऐकलात तो दगडांचा आवाज बहुधा त्याचाच.

म्हणून गॅरेजवाल्याला पुढचा पैसा देण्याआधी एकच काम सांगा: तोच कॅमेरा उरलेल्या तीन सिलिंडरांत घाल आणि पिस्टनच्या माथ्याचे फोटो काढ. त्या तिन्ही पिस्टनांवर चंद्रकोरीसारखे ठसे दिसले, तर अनेक व्हॉल्व्ह पिस्टनला लागलेत. म्हणजे चेन उडी मारून गेली, टायमिंग चुकलं. ते तिन्ही पिस्टन स्वच्छ असले आणि चौथ्यातच सगळी नासधूस असली, तर एकच व्हॉल्व्ह थकून तुटला असण्याचा संभव जास्त. फोटोला पाच मिनिटं लागतात. मला नवल याचं वाटतं, की 16 लाखांचा अंदाज काढून झाला, अर्ध्या खर्चाची वाटणी झाली, एक माणूस ग्रुप सोडून गेला, आणि तीन सिलिंडर अजून कुणी बघितलेले नाहीत.

त्यानंतर हेड उतरवा. तुटलेला व्हॉल्व्ह आणि त्याची गाईड सांभाळून ठेवायला सांगा. इथे एक सावधगिरी. तुमच्यासारख्या टर्बो इंजिनांत एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह पुष्कळदा पोकळ असतात आणि आत सोडियम भरलेलं असतं. ते 98 अंशांना वितळतं आणि दांडीत वर-खाली हिंदकळत डोक्याची उष्णता वर नेतं. युक्ती जुनी आहे. 1927 साली लिंडबर्ग न्यूयॉर्कहून पॅरिसला साडेतेहेतीस तास एकट्याने उडत गेला, त्याच्या विमानाच्या इंजिनात असेच व्हॉल्व्ह होते. पण सोडियमला पाणी लागलं की ते पेट घेतं. तुटका व्हॉल्व्ह पाण्याने धुऊ नका, कापू नका, शोकेसमध्ये ठेवायला घरी आणू नका.

आता इंजिनाकडे येतो. तुम्ही विचारलंत, "13 लाख घातलेत, आता मागे कसा हटू?" ते 13 लाख गेले. इंजिन बसवलंत तरी गेले, नाही बसवलंत तरी गेले. हिशेब वेगळ्या टोकाने मांडून बघा. समजा गाडी आहे तशी विकून आज तुमच्या हातात 3 लाख आहेत आणि दारात गाडी नाही. अशा वेळी याच मॉडेलची चालती गाडी तुम्ही किती रुपयांना घ्याल? नवं इंजिन म्हणजे 16 अधिक हे 3, असे 19 लाख मोजून 11 लाखांची गाडी घेणं. हा पर्याय यादीतून आत्ताच खोडा. नव्या इंजिनाने गाडी नवी होत नाही. गिअरबॉक्स, छताची मोटर, वायरिंग सगळं 2012 चंच राहतं.

जुन्या इंजिनाचा आकडा 5 लाख सांगितलाय तो 7 धरा. का ते खाली सांगतो. अधिक 3, झाले 10. बाजारभाव 11. म्हणजे यात कमाई नाही आणि बुडीतही नाही. अशा ठिकाणी माणसाने हौसेला विचारावं. गाडी दर आठवड्याला काढता, बायकोला घेऊन संध्याकाळी मांद्रेपर्यंत जाता, असं असेल तर जरूर बसवा. आच्छादनाखाली उभी असते आणि महिन्यातून एकदा पुसली जाते, तर 3 लाख घ्या आणि मोकळे व्हा. पतसंस्थेचं कर्ज काढून मात्र दोन माणसांच्या गाडीचं इंजिन घेऊ नका. यावर मी वाद घालत नाही.

आहे तेच इंजिन बांधायचा पर्याय माझ्या धंद्याचा, त्यामुळे माझा जीव तिकडे ओढतो, पण तुम्हाला मी बिचकतच सांगेन. जुन्या गाड्यांचा ब्लॉक बिडाचा. सिलिंडरला ओरखडा पडला तर बोअर करायचा, म्हणजे आतून कातून रुंद करायचा, ओव्हरसाइज पिस्टन घालायचा. आमच्या गल्लीतला कुठलाही चांगला लेथवाला करायचा. आताच्या पुष्कळशा जर्मन इंजिनांचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असतो आणि काहींत सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर खास प्रक्रिया किंवा अतिशय पातळ लेप असतो. अशा सिलिंडरला गावच्या लेथवर बोअर मारला की लेप गेला आणि इंजिन ऑइल प्यायला लागलं. तेव्हा तुमचा ब्लॉक कसला आहे, चौथ्या सिलिंडरला नख अडकेल असा ओरखडा आहे का, आणि स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायची नळी) घालायची तर ती कोण घालणार व त्याने याआधी याच जातीचं इंजिन केलंय का, ही उत्तरं मिळाल्याशिवाय "उघडल्यावर कळेल" या वाक्यावर साडेसहा लाख लावू नका. उघडण्याची मजुरी वेगळी ठरवा, ती द्या, उघडा आणि मग ठरवा. आणि हो, आता पाऊस आहे. उघडं इंजिन आपल्याकडच्या दमट हवेत आठवड्याभरात गंज धरतं. सिलिंडरना ऑइल लावून प्लॅस्टिकने घट्ट बांधायला सांगा, बॅटरी सोडवा आणि वायरिंगला उंदरांपासून जपा. उघडी पडलेली गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात गेली की पहिला हक्क उंदरांचा.

जुनं इंजिन घ्यायचं ठरलं, तर ते मुंबईत कुर्ल्याहून येईल, दिल्लीच्या मायापुरीतून किंवा चेन्नईच्या पुदुपेटमधून. गॅरेजवाल्याची ओळख जिथली तिथून. विकणारा म्हणेल, "फक्त 40 हजार चाललंय." किलोमीटर इंजिनावर कोरलेले नसतात. तुम्ही पुरावा मागा. इंजिन अजून गाडीत असेल तर सकाळी थंड असताना सुरू करतानाचा व्हिडिओ मागा. ती दोन सेकंदं तुम्ही आता ओळखालच. काढलेलं असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून मागा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांजवळ आहेत का ते बघा. एखादा 10-15 टक्क्यांहून जास्त खाली असेल तर सोडून द्या. ऑइलची तळाची पेटी खोलून आत प्लॅस्टिकचे तुकडे आहेत का ते बघायला लावा. ते चेनच्या पट्ट्यांचे असतात. इंजिनाचा कोड तुमच्या गाडीच्या कोडशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. दिसायला जुळं असलेलं इंजिन सेन्सरपाशी अडतं आणि मग गॅरेजवाला, संगणकवाला आणि तुम्ही असे तिघे मिळून महिना घालवता.

वॉरंटीची एक खोच आहे. असे विक्रेते 10-15 दिवसांची टेस्टिंग वॉरंटी देतात आणि ती माल निघाल्या दिवसापासून मोजतात. ट्रान्सपोर्टने यायला पाच दिवस, गॅरेजला वेळ मिळायला आठ. इंजिन सुरू होईपर्यंत वॉरंटी संपलेली. ती पहिल्यांदा सुरू केल्या दिवसापासून धरली जाईल असं बिलावर लिहून घ्या. नुसतं तोंडी नको.

आता 5 चे 7 का. ही चूक माझ्या हातून झालेली आहे म्हणून सांगतो. 2003 साली एक टॅक्सीवाला आला होता, व्हॉल्व्ह पडलेला. मी हेड केलं, मेकॅनिकने जुना ब्लॉक आणून बसवला, गाडी झकास चालू झाली. चारशे किलोमीटरवर क्रँकचे बेअरिंग गेले. पहिलं इंजिन मरताना त्याचा सगळा चुरा ऑइलबरोबर ऑइल कूलरमध्ये जाऊन बसला होता, आणि आम्ही जुनाच कूलर नव्या इंजिनाला जोडला होता. कूलरच्या जाळ्या धुऊन साफ होत नाहीत. मी हेडवाला, कूलर माझं काम नव्हे, असं तेव्हा म्हणालो. अजूनही ते आठवलं की बरं वाटत नाही. मजुरी मी परत केली, पण त्याचा सीझन गेला होता.

तुमच्या गाडीला टर्बो आहे, म्हणजे प्रकरण आणखी लांबचं. तुटक्या व्हॉल्व्हचे तुकडे एक्झॉस्टमधून टर्बोच्या पंख्यावर गेलेले असतात, त्यापुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. उलट दिशेने इनटेक मॅनिफोल्डमध्येही, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांत, उडतात. तिथून नव्या इंजिनाच्या चांगल्या सिलिंडरमध्ये जायला पहिला स्टार्ट पुरतो. ऑइल कूलर नवा, टर्बोच्या ऑइलच्या नळ्या नव्या, मॅनिफोल्ड आणि इंटरकूलर उतरवून आतून साफ, टर्बोचा पंखा हाताने फिरवून आणि डोळ्यांनी बघून. शिवाय इंजिन बाहेर आहे तोवर चेन, टेन्शनर आणि पट्ट्यांचा पूर्ण संच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, मागचं क्रँक सील आणि इंजिन माउंट बदलून टाका. हे सगळं नंतर करायचं तर मजुरी पुन्हा द्यावी लागते. कोटेशनमध्ये या वस्तू नावानिशी लिहिलेल्या नसतील, तर ते 5 लाखांचं कोटेशन अर्धवट आहे.

कागदांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदललं की नोंदणीत बदल करून घ्यावा लागतो. आधी मंजुरी न घेता बदललं असेल तर 14 दिवसांत कळवावं लागतं. शहाणपणा आधीच वाहतूक खात्यात जाऊन विचारून येण्यात आहे. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन घ्या. मोठं बसवायची हौस असेल तर ती इथे सोडा. विक्रेत्याकडून जीएसटी बिल हवं, त्यावर इंजिनाचा नंबर हवा, आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद हवेत. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) 'वाहन समन्वय' या सेवेवर इंजिनाचा नंबर टाकून ते चोरीच्या गाडीचं नाही ना, हे पैसे देण्याआधी तपासता येतं. आरसीवर नवा नंबर चढला की विमा कंपनीला कळवून पॉलिसीवरही चढवा. नाहीतर उद्या गाडी झाडावर आदळली तरी क्लेम नंबरावर अडकेल. आणखी एक: गाडी 2012 ची, म्हणजे पुढच्या वर्षी तिची 15 वर्षं भरतात. आयात केलेल्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क 2022 पासून 40,000 रुपये आहे, देशी खासगी गाडीला 5,000. तुमची बाहेरून तयार होऊन आलेली दिसते. हे 40,000 आणि त्या वेळची तपासणी आजच्या हिशेबात धरा.

तुमच्या मित्राच्या विमा-युक्तीला दोनच ओळी देणार होतो, पण गोव्यात पावसाळ्यात हा सल्ला घरोघर मिळतो म्हणून चार देतो. साध्या पॉलिसीत यांत्रिक बिघाड आणि झीज वगळलेली असते. इंजिन संरक्षणाचं जोडकलम घेतलेलं असलं, तर पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात येतं, आणि मित्राचा डोळा त्यावर आहे. पण पाणी दाबलं जात नाही; ते सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. व्हॉल्व्हचं डोकं पिस्टनमध्ये रुतून बसत नाही. सर्व्हेअर इंजिन उघडायला लावतो, आणि पहिल्या फोटोतच त्याला कळेल. मग क्लेम जाईल, वर फसवणुकीचं लचांड मागे लागेल. मित्राला सांगा, तुझी गाडी घाल पाण्यात.

राहिला अर्धा खर्च. मागू नका. चेन सैल असो वा व्हॉल्व्ह थकलेला असो, दोन्हींचं बीज मेव्हण्याच्या रविवारच्या कितीतरी आधी पडलेलं आहे. समजा फोटोंमधून आणखी काही निघालं, तरी किल्ली तुम्ही हसत दिली होती. गाडी उसनी देताना आपण तिचं म्हातारपणही उसनं देत असतो, आणि ती नेमकी कुणाच्या हातात असताना बसणार हे आपल्या हातात नसतं. तुमच्या बाबतीत तर ती तुमच्याच हातात बसली.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. मेव्हण्याच्या जागी तुमचा सख्खा धाकटा भाऊ घाटात गेला असता, तर तुम्ही ग्रुपवर लिहिलं असतं का? बायको जी दहा दिवस गप्प आहे ती गाडीसाठी गप्प नाही. तिने गाडीवरून एक शब्दही काढल्याचं तुमच्या चार पानांत मला दिसलं नाही.

जे ग्रुपवर लिहिलंत ते ग्रुपवरच मागे घ्या; खासगीत माफी आणि चारचौघांत आरोप, असा हिशेब सासरी चालत नाही. दोन वाक्यं पुरतील: मी तपास न करता बोललो, चूक झाली. "पण तूही जरा जपून" वगैरे शेपूट जोडू नका. त्याआधी मेव्हण्याला वाळपईला फोन करा, कारण तो ग्रुपमध्ये नाही, त्याला ते वाचताच येणार नाही. फोटो येईपर्यंत थांबू नका. फोटोत काहीही निघालं तरी त्या दिवशी तुमच्याकडे पुरावा नव्हता.

आणि तीन सिलिंडरचे फोटो आले की मलाही पाठवा; चेन होती की व्हॉल्व्ह, हे मला जाणून घ्यायचं आहे. गॅरेजवाल्याकडून चौथ्या सिलिंडरची गाईड मागून घ्या, त्यात नवा व्हॉल्व्ह घालून हलवून बघा. तो बाजूला डुगडुगला, तर अर्धं उत्तर तुमच्या बोटांनाच मिळेल.